चित्र समजले पाहिजे, अक्षर वाचले गेले पाहिजे
(गावाच्या उपयोगासाठी चित्रे व अक्षरे काढणाऱ्या एका चित्रकाराचे अनुभव)



शाळेच्या व्हरांड्यातले हे भित्तिपत्रक कोण कोण वाचते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? मधल्या सुट्टीत मोठ्या वर्गातली मुले वाचतात. पहिलीतली मुले नुसती चित्रे पाहतात. दाखला न्यायला आलेले बाबा उभ्या उभ्या चार ओळी वाचून जातात. एखादी आजी नातवाचा हात धरून येते आणि विचारते, "काय लिव्हलंय रं ह्याच्यात?" कागद एकच, पण वाचणारे किती तऱ्हेतऱ्हेचे!

मी याच शाळेचा जुना विद्यार्थी. पाट्या रंगवणे हा माझा धंदा. पण त्याबरोबर मी गावाच्या उपयोगाची बरीच कामे केली. आरोग्य केंद्राची भित्तिचित्रे, प्रौढ शिक्षण वर्गाचे तक्ते, ग्रामपंचायतीच्या सूचना, दूध सोसायटीचे माहितीपत्रक, शाळेची हस्तलिखिते. त्या कामांत जे शिकायला मिळाले, ते या पाठात सांगतो. पुढच्या अंकाची चित्रे आणि शीर्षके तुम्हालाच काढायची आहेत, तेव्हा उपयोग होईल.

१. दोन प्रकारची चित्रे

घरात टांगायचे चित्र आणि लोकांना माहिती देणारे चित्र यांत मोठा फरक आहे. घरातले चित्र आवडले नाही, तर फारसे बिघडत नाही. पण "हे पाणी पिण्यास योग्य नाही" ही पाटी कोणाला समजली नाही, तर तो माणूस ते पाणी पिईल. म्हणून अशा कामात "छान दिसते का?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "ज्याच्यासाठी काढले त्याला कळले का?"

२. छापखान्याआधीपासूनची कला

पूर्वी लिहिण्यासाठी बोरू वापरत. बोरू म्हणजे एक प्रकारचा वेत किंवा बरू, त्याचे टोक चाकूने तिरके कापायचे. टोक तिरके असल्यामुळे रेघ एका दिशेने जाड आणि दुसऱ्या दिशेने बारीक उमटते. इंग्रजी अक्षरांसाठी टाक ज्या बाजूला तिरका कापतात, त्याच्या उलट बाजूला देवनागरीचा बोरू कापतात. आपल्या अक्षरांचे जाड-बारीक वळण त्या कापातून आले आहे.

पुढे छपाई आली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पहिले मराठी पंचांग छापले. ते शिळाछापावर होते. शिळाछापात हाताने लिहिलेली अक्षरे चिकट, तेलकट शाईने दगडावर उतरवतात आणि त्या दगडावरून कागद छापतात. म्हणजे सुंदर हस्ताक्षराचा माणूस तिथे लागतच असे. पंचांग ही किती लोकांच्या गरजेची वस्तू, विचार करा. सण, तिथी, पेरणीची नक्षत्रे सारे त्यात. लोकांच्या उपयोगासाठी अक्षर काढण्याचे काम आपल्याकडे इतके जुने आहे.

३. नारूचे चित्र

आता माझा सर्वांत महत्त्वाचा अनुभव सांगतो. आज तुमच्यापैकी कोणी नारू पाहिलेला नसेल. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. नारू म्हणजे माणसाच्या शरीरात वाढणारा दोऱ्यासारखा लांब जंत. मादी जवळजवळ मीटरभर लांब होते. ती बहुधा पायातून, फोड येऊन बाहेर पडते. माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळतो. ऐन सुगीत घरचा कर्ता माणूस पडून राहिला, म्हणजे त्या घराचे काय होत असेल!

हा रोग असा पसरतो. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत, म्हणजे बारवेत, पाणी भरायला उतरतो. पाय पाण्यात बुडाला, की नारू आपली बारीक पिल्ले पाण्यात सोडतो. सायक्लॉप्स नावाचा अगदी छोटा पाणकिडा ती पिल्ले खातो. तेच पाणी न गाळता कोणी प्यायले, की किड्याबरोबर पिल्ले पोटात जातात. साधारण वर्षाने नारू बाहेर येतो. या रोगावर लस नाही आणि तो बरा करणारे औषधही नाही. उपाय म्हणजे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पिणे आणि नारू झालेल्या माणसाने पाण्यात न उतरणे. म्हणजे लोकांना गोष्ट नीट समजणे हाच उपाय!

१९८३-८४ साली आपल्या देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात आमच्या भागात भित्तिचित्रे काढायचे काम माझ्याकडे आले. कच्चा कागद आधी चार जणांना दाखवायचा, आणि आपण काही न सांगता "यात काय दिसतं?" एवढेच विचारायचे, असा माझा नेम होता. त्या कागदांवर लोक काय म्हणाले ते ऐका.

पाणकिडा वीतभर मोठा काढलेला कागद पाहून एक आजी म्हणाल्या, "आमच्या बारवंत असला किडा न्हाई बाबा. ह्यो दुसऱ्या गावचा आसंल." आजींचे म्हणणे बरोबरच होते. खरा पाणकिडा जेमतेम मिलिमीटरभर, मोहरीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. म्हणून पक्क्या चित्रात आधी पाण्याचा पेला काढला. त्यात टिंबाएवढे किडे. शेजारी भिंग धरलेला हात आणि भिंगात मोठा दिसणारा तोच किडा. शिवाय आरोग्यसेवक काचेचा पेला भरून उन्हात धरायचे आणि हलणारी टिंबे लोकांना प्रत्यक्ष दाखवायचे. डोळ्यांनी पाहिल्यावर चित्रावर विश्वास बसला.

दुसरी गोष्ट बाणांची. पुस्तकात एका चित्राकडून दुसऱ्या चित्राकडे बाण काढून चक्र दाखवतात. शाळेत गेलेल्याला ते कळते. पण ज्याने कधी पुस्तक हाताळले नाही, त्याला बाण म्हणजे धनुष्याचा बाण! कोणते चित्र आधी आणि कोणते नंतर, हेही त्याला ठाऊक नसते. म्हणून चार वेगळे तक्ते केले. एक दाखवून झाला की दुसरा पुढे धरायचा, म्हणजे गोष्ट आपोआप क्रमाने सांगितली जाते.

तिसरी गोष्ट फुलीची. "असे करू नका" हे दाखवायला चित्रावर मोठी फुली मारतात. काही बायाबापड्यांना ती फुली म्हणजे नक्षी वाटली. तेव्हापासून मी ठरवले, की काय करू नये यापेक्षा काय करावे हेच मोठे काढायचे. बाई हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडके बांधून पाणी ओतते आहे, हे मोठे चित्र. ती बाईही आपल्याकडची, आपल्यासारखे लुगडे नेसलेली. कपडे, भांडी, घर ओळखीचे असले म्हणजे माणूस म्हणतो, "हे आपल्यासाठी हाय."

भारतातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात आढळला. २००० सालच्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. हे यश हातपंप बसवणाऱ्यांचे, बारवेत औषध टाकणाऱ्यांचे, घरोघर हिंडणाऱ्या आरोग्यसेवकांचे आणि रोज न कंटाळता पाणी गाळणाऱ्या आयाबहिणींचे. चित्राचा वाटा त्यात लहानसा. पण लस नव्हती, औषध नव्हते, अशा वेळी समजलेली गोष्ट हेच औषध होते, हे लक्षात ठेवा.

४. दूरदेशीचा एक चित्रकार

असेच काम सातासमुद्रापलीकडे डेव्हिड वर्नर नावाच्या माणसाने केले. हे अमेरिकेतले जीवशास्त्राचे शिक्षक. १९६० नंतरच्या दशकात ते मेक्सिको देशाच्या डोंगराळ भागात गेले. अखोया नावाच्या खेड्यात त्यांनी काम सुरू केले. तिथे डॉक्टर नव्हता. मग गावातल्याच लोकांना हाताशी धरून त्यांनी औषधोपचाराची माहिती देणारे पुस्तक तयार केले. त्यातली चित्रे त्यांनी स्वतः काढली. ते १९७३ साली स्पॅनिश भाषेत निघाले. "जिथे डॉक्टर नाही" असा त्याच्या नावाचा अर्थ. १९७७ साली ते इंग्रजीत आले आणि पुढे जगातल्या ऐंशीहून अधिक भाषांत गेले.

त्यातली चित्रे रेघांची, साधी. पण कोणतेही चित्र उगीच नाही. प्रत्येक चित्र काहीतरी करायला शिकवते. जखम कशी धुवावी, मोडलेल्या हाताला पट्टी कशी बांधावी, असे.

वर्नर यांनी बिल बॉवर यांच्यासह १९८२ साली आणखी एक पुस्तक केले. त्यात गावातल्या लोकांनी आणि मुलांनी स्वतः चित्रे आणि साधने कशी करावीत, ते सांगितले आहे. त्यातले एक साधन फार गमतीचे आहे. वाळलेला, पोकळ भोपळा घ्यायचा. त्यावर बाळाचे तोंड काढायचे. डोक्याच्या जागी वर एक भोक पाडून त्यावर ओले फडके ताणून ठेवायचे, ती बाळाची टाळू. खाली दुसरे भोक पाडून त्याला बूच लावायचे. भोपळा पाण्याने भरायचा आणि बूच काढायचे. पाणी वाहून जाऊ लागले, की वरचे फडके खोल बसते. जुलाब होणाऱ्या बाळाची टाळू का बसते, हे मुलांना न बोलता कळते! चित्र नेहमी कागदावरच असते असे नाही. कधी ते भोपळ्यावरही काढता येते.

५. एक लिटर, सहा चमचे, अर्धा चमचा

जुलाब होताना बाळाच्या अंगातले पाणी जाते, तेच जिवावर बेतते. म्हणून मीठ-साखर-पाणी द्यायचे. प्रमाण असे: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. आरोग्य केंद्राचे पाकीट मिळाले तर ते जास्त चांगले. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण मिसळायचे. आणि बाळ सुस्त झाले, पाणी पिईना, तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

आता हा तक्ता लिहिताना चित्रकाराची परीक्षा असते. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो. म्हणजे आपल्या हातून निघालेल्या आकड्यावर एक जीव अवलंबून!

देवनागरी १ आणि ९ घाईत लिहिले तर सारखेच दिसतात. म्हणून अशा तक्त्यात आकडा आणि अक्षर दोन्ही लिहायचे: "१ (एक) लिटर". साखरेपुढे सहा चमचे एका ओळीत मोजता येतील असे काढायचे. "सपाट" हा शब्द कळायला, चमच्यावरून सुरीची पाठ फिरवून शीग काढून टाकणारा हात काढायचा. "अर्धा" दाखवायला दोन-तीन नमुने करून आयांना दाखवले. सपाट चमच्यातल्या मिठावर मधोमध सुरीने रेघ ओढून निम्मे बाजूला सारलेले, हा नमुना सगळ्यांना लगेच कळला. तोच पक्का केला.

६. अक्षर कसे काढावे

इंग्रजी अक्षरे रेघेवर उभी असतात. आपली अक्षरे रेघेला टांगलेली असतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. दोरी सरळ हवी, म्हणजे सगळे नीट दिसते. ती दोरी म्हणजे शिरोरेषा.

एका ओळीसाठी जेवढी जागा असेल तिचे चार सारखे भाग करा. वरचा एक भाग मात्रा आणि वेलांटीसाठी, मधले दोन भाग अक्षरासाठी, खालचा एक भाग उकारासाठी. पेन्सिलीने फिकट रेघा मारा. आधी सगळी ओळ पेन्सिलीने लिहून जागा पुरते का पाहा, मग शाई. किती मोठे अक्षर काढायचे? पाटी रंगवणाऱ्यांचा अंदाज असा, की दहा फुटांवरून सहज वाचायचे तर अक्षर इंचभर उंच हवे.

काही अक्षरे फसवी असतात. त्यांच्याकडे विशेष लक्ष द्या.

भ आणि म : भ वर शिरोरेषा तुटलेली असते. ती जोडली, की "घरपट्टी भरा" चे "घरपट्टी मरा" होते!

ध आणि घ : इथेही तेच. "धन" पाहिजे असताना "घन" दिसते.

ख : याचे दोन भाग खाली नीट जोडले नाहीत, तर "र" आणि "व" असे सुटे वाचले जाते. "दवाखाना" चे "दवारवाना" होते. प्रौढ शिक्षण वर्गात नुकतेच वाचायला शिकलेले लोक अक्षर अक्षर लावून वाचतात. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झाला, तेव्हापासून अशा वाचकांसाठी मी तक्ते लिहिले. सराईत वाचणारा शब्द अंदाजाने ओळखतो, नवा वाचणारा डोळ्यांपुढे जे आहे तेच वाचतो. म्हणून खरा परीक्षक तोच.

ओळ कुठे तोडायची हेही महत्त्वाचे. "हे पाणी पिऊ" एका ओळीत आणि "नका" खालच्या ओळीत गेले, तर घाईत वाचणारा पहिलीच ओळ वाचून पाणी पिईल. "पिऊ नका" हे एकत्रच राहिले पाहिजे. आणि अक्षराला उगीच फुले-पाने, सावल्या लावू नका. सणाच्या शुभेच्छेला नक्षी शोभते, औषधाच्या सूचनेला नाही.

७. सायक्लोस्टाइलचे दिवस

दूध सोसायटीचे माहितीपत्रक आम्ही सायक्लोस्टाइलवर काढत असू. मेणाचा थर असलेला स्टेन्सिल कागद असे. त्यावर टोकदार लोखंडी लेखणीने लिहायचे. जिथे मेण निघेल, तिथूनच शाई खाली उतरे. हात हलका पडला तर अक्षर उमटत नसे, आणि जड पडला तर कागद फाटे. "ठ" चे वर्तुळ जोरात काढले तर आतला तुकडाच गळून पडे! काळा भाग भरता येत नसे, म्हणून गाईचे काळे ठिपके बारीक रेघांनी दाखवावे लागत. अडचणीमुळे एक चांगली सवय लागली: कमीत कमी रेघांत काम भागवायचे.

आज संगणक आला. संगणकावरची "मंगल" ही अक्षरे रघुनाथ कृष्ण जोशी या थोर सुलेखनकारांनी घडवली. म्हणजे यंत्रातल्या अक्षरामागेही माणसाचा हात आहेच. पण सूचना लिहून झाल्यावर ती कोणाला तरी दाखवून "यात काय कळलं?" हे विचारायचे काम यंत्र करत नाही. ते आपणच करायचे.

८. करून पाहा

(१) लहान चित्र भिंतीवर मोठे करायचे असेल तर चौकटींची पद्धत वापरा. मूळ चित्रावर एक-एक सेंटिमीटरच्या चौकटी आखा. भित्तिपत्रकाच्या कागदावर पाच-पाच सेंटिमीटरच्या तेवढ्याच चौकटी आखा. मग एकेका चौकटीत जे आहे तेवढेच उतरवा. चित्र पाचपट होईल.

(२) बोरू मिळाला नाही तर बांबूची चपटी काडी घ्या. मोठ्या माणसांकडून तिचे टोक तिरके कापून घ्या आणि "क" पासून "ज्ञ" पर्यंत काढून पाहा.

(३) मीठ-साखर-पाण्याचा तक्ता तयार करा. तो घरी आईला आणि आजीला दाखवा. आपण काही सांगायचे नाही. त्यांना जे समजले ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून आणा.

९. प्रश्न

(१) नारूवर लस किंवा औषध नसताना तो कसा हटला?
(२) "पिऊ नका" हे शब्द एकाच ओळीत का असावेत?
(३) पाणकिडा मोठा काढताना चित्रात आणखी काय दाखवावे?
(४) तुमच्या गावातली एखादी पाटी वाचा. नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसाला ती कुठे अडेल?

पालकांना एक विनंती. या भित्तिपत्रकासमोर थांबाल तेव्हा "छान आहे" एवढेच म्हणून जाऊ नका. जे वाचता आले नाही, जे चित्र उमगले नाही, त्यावर बोट ठेवा आणि मुलांना सांगा. मुले ते पुसून पुन्हा काढतील.